'तशी' या शब्दाचा अर्थ

व्याकरण हा शाळेंतल्या गुणांपुरता विषय आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु एका लहानशा शब्दाच्या अन्वयावर मनुष्याचें स्वातंत्र्य अवलंबून राहूं शकतें, हें अमेरिकेंतील एका खटल्यावरून दिसून येतें.

जॉर्जिया राज्यांतील व्हॅन ब्यूरन या पोलीस सार्जंटास वाहनांच्या क्रमांकांची माहिती संगणकावर पाहण्याचा अधिकार होता. पैशांच्या मोबदल्यांत त्यानें ती एका परक्या इसमासाठीं शोधली. १९८६ च्या संगणकविषयक कायद्यान्वयें त्यास अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

अधिकारानें संगणक उघडून, जी माहिती 'तशी' मिळविण्याचा हक्क नाहीं ती मिळविणें, हा त्या कायद्यानें गुन्हा होय. 'तशी' म्हणजे कशी? सरकारपक्ष म्हणे, त्या प्रसंगीं व त्या हेतूनें. आरोपीचा पक्ष म्हणे, आधीं सांगितलेल्या रीतीनें, म्हणजे संगणकाच्या द्वारें. ३ जून २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं दुसरा अर्थ ग्राह्य धरला.

कचेरींतील संगणक-व्यवस्थापकाच्या हातीं बहुतेक सर्व दालनांच्या किल्ल्या असतात. पहिला अर्थ टिकता, तर कामाच्या संगणकावरून नियमाबाहेर खासगी पत्र पाठविणाराही गुन्हेगार ठरण्याचें भय होतें. आतां त्या कायद्यापुरता मुख्य प्रश्न, दालन त्यास खुलें होतें कीं बंद, हा उरतो. मात्र खुल्या दालनांतील माहितीचा दुरुपयोग तेवढ्यानें निर्दोष होत नाहीं. इतर कायदे व नोकरीचे नियम आहेतच. म्हणून कोणतें दालन आपणांस खुलें आहे, हें व्यवस्थापकानें प्रथमच स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावें.