आगगाडीचे तिकीट : खिडकीचे की मोबाईलचे?

दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या शेजारचे तात्या आणि काकू मुंबईला निघाले होते. काकूंच्या डोळ्याचे ऑपरेशन व्हायचे होते. दवाखान्याने तारीख दिली होती. तात्यांनी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी एका दुकानातून आगगाडीचे तिकीट काढले. दुकानदाराने संगणकावर बोटे चालवली, एक पांढरा कागद छापला, पैसे घेतले आणि कागद तात्यांच्या हाती दिला. तात्यांनी त्याची चौघडी घातली आणि ती खिशात जपून ठेवली.

ठरल्या दिवशी दोघे परभणीला रात्रीच्या गाडीत बसले. कागदावर स्लीपर डबा लिहिला होता, म्हणून स्लीपरमध्येच बसले. थोड्या वेळाने टीसी आला. त्याने हातातल्या यंत्रात नंबर घातला आणि म्हणाला, "बाबा, हे तिकीट रद्द झालं आहे. तुमची नावं यादीत नाहीत."

तात्या म्हणाले, "अहो, पैसे मोजून दिलेत. कागद हा काय हातात आहे."

टीसी म्हणाला, "कागद खरा आहे. पण त्याचं तिकीट राहिलेलं नाही."

दोघांचे भाडे आणि वर दंड भरावा लागला. दवाखान्यासाठी फडक्यात बांधलेले पैसे तिथेच सुटले. जालन्याला त्यांना उतरून साध्या डब्यात जावे लागले. डोळ्याला त्रास असलेल्या काकू मनमाडपर्यंत दाराजवळ गाठोड्यावर बसून होत्या.

चूक कोणाची? तात्या म्हणतात, दुकानदाराची. दुकानदार म्हणतो, मी सांगितले होते. मी त्या वादात पडत नाही. पण तात्यांनी कागद माझ्यापुढे टाकला आणि विचारले, "गुरुजी, मी वाचायला शिकलो ना? मग यात मला काय वाचता आलं नाही ते सांगा." ते मी त्यांना सांगितले, आणि आता तुम्हालाही सांगतो.

आरक्षणाच्या तिकिटाच्या दोन जाती आहेत. एक खिडकीचे तिकीट. ते स्टेशनावरच्या आरक्षणाच्या खिडकीवर मिळते आणि रेल्वेच्या स्वतःच्या छापील कागदावर असते. दुसरे ई-तिकीट. ते मोबाईलवर किंवा संगणकावर काढतात. आता घोटाळा कुठे होतो पाहा. ई-तिकीटही कागदावर छापता येते. छापले की ते खिडकीच्या तिकिटासारखेच वाटते. पण तो साधा पांढरा कागद असतो, आणि त्याच्या डोक्यावर इंग्रजीत 'इलेक्ट्रॉनिक रिझर्व्हेशन स्लिप' असे लिहिलेले असते. कागदावर छापले म्हणून त्याची जात बदलत नाही. त्याला नियम ई-तिकिटाचेच लागू होतात. तात्यांना वाटले, कागद आहे म्हणजे खिडकीचे तिकीट आहे. तिथेच ते फसले.

आम्ही लहान होतो तेव्हा जाड पुठ्ठ्याचे इवलेसे तिकीट मिळायचे. ते म्हणजेच तिकीट. हरवले की संपले. हातात आहे तोवर कोणी उठवत नसे. आजच्या आरक्षणाचे तसे नाही. तुमचे नाव रेल्वेच्या यादीत असते, आणि ती यादी टीसीच्या हातातल्या यंत्रात असते. ई-तिकिटाचा कागद ही त्या यादीची नुसती चिठ्ठी. यादीतले नाव गेले की चिठ्ठीला किंमत नाही.

मग तात्यांचे नाव यादीतून गेले कसे? तेही त्या कागदावरच लिहिले होते. तिकिटावर जागेपुढे इंग्रजी अक्षरे असतात. 'सीएनएफ' असेल तर जागा पक्की. 'आरएसी' असेल तर निदान बसायची जागा मिळते, गाडीत चढता येते. 'डब्ल्यूएल' असेल तर तुम्ही प्रतीक्षा यादीत आहात, म्हणजे अजून रांगेत आहात. दुसऱ्या कोणी तिकीट रद्द केले तर तुमचा नंबर पुढे सरकतो. गाडी सुटण्याच्या काही तास आधी रेल्वे शेवटची यादी तयार करते. तिला चार्ट म्हणतात. चार्ट निघाला की रांग मोडली.

इथे दोन्ही तिकिटांच्या वाटा वेगळ्या होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

ई-तिकिटावरची सगळी नावे चार्ट निघाल्यावरही प्रतीक्षा यादीतच राहिली, तर रेल्वे ते तिकीट आपोआप रद्द करते. थोडी रक्कम कापून बाकीचे पैसे परत पाठवते. त्या तिकिटावर मग कुठल्याच डब्यात बसता येत नाही. साध्या डब्यातसुद्धा नाही. बसलात तर तुम्ही विनातिकीट. १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे विनातिकीट माणसाला भाडे भरावे लागते आणि वर तेवढाच दंड. भाडे कितीही थोडे असले तरी हा दंड २५० रुपयांपेक्षा कमी नसतो.

खिडकीचे तिकीट प्रतीक्षा यादीत राहिले तर ते आपोआप रद्द होत नाही. गाडी सुटायला निदान ३० मिनिटे असताना ते रद्द करा, म्हणजे थोडे कापून पैसे परत मिळतात. जायचेच असेल, तर त्या तिकिटावर साध्या डब्यातून जाता येते. मात्र स्लीपरमध्ये बसता येत नाही. "पूर्वी बसू द्यायचे हो," असे पुष्कळ लोक सांगतात. सांगोत बिचारे. दंड ते भरणार नाहीत.

एकाच ई-तिकिटावर दोघे असले, एकाला जागा मिळाली आणि दुसरा रांगेत राहिला, तर मात्र तिकीट रद्द होत नाही. दोघांचीही नावे चार्टमध्ये येतात.

आपले काय झाले ते घरबसल्या कळते. तिकिटावर दहा आकड्यांचा नंबर असतो. त्याला पीएनआर म्हणतात. १३९ या नंबरावर फोन लावा आणि तो पीएनआर सांगा किंवा फोनवर दाबा. जागा मिळाली की नाही ते कळते. साध्या बटणांच्या फोनवरूनही हे जमते. गाठोडे उचलण्याआधी हा एक फोन करा. तात्यांनी तो केला असता तर मुंबईला जायची दुसरी सोय पाहता आली असती.

आता पैशाची गोष्ट. ई-तिकीट रद्द झाले की पैसे कोणाला परत मिळतात? ज्या खात्यातून भरले त्या खात्याला. तात्यांनी दुकानदाराला रोख दिले, आणि दुकानदाराने स्वतःच्या खात्यातून भरले. म्हणून पैसे परत आले ते दुकानदाराकडे. तात्यांना ते मागायला तीन खेपा घालाव्या लागल्या. दुकानातून तिकीट काढायचेच असेल, तर दुकानदार रेल्वेचा अधिकृत एजंट आहे का ते आधी विचारा. तिकिटावर मोबाईल नंबर आपला किंवा आपल्या मुलाबाळांचा घालायला सांगा. अधिकृत एजंटाने काढलेले तिकीट रद्द झाले की त्या नंबरावर एक गुप्त आकडा येतो. तो एजंटाला दाखवायचा आणि आपले पैसे घ्यायचे. नंबर दुकानदाराचाच असेल तर निरोपही त्यालाच जाईल. मग तुम्हाला काय कळणार?

"मग ई-तिकीट वाईटच म्हणायचं," असे काकू म्हणाल्या. तसे मुळीच नाही. खिडकी गावापासून पंधरा कोस दूर असेल, तर एसटीचे भाडे जाते आणि दिवसाची मजुरी बुडते. इतके करून रांगेत पुढे गेल्यावर खिडकी बंद होते, हेही आपण पाहिले आहे. ई-तिकिटाला थोडे जास्त पैसे पडतात खरे. २०१९ साली ठरले त्याप्रमाणे विनावातानुकूलित डब्याच्या तिकिटाला १५ रुपये आणि त्यावर कर, यूपीआयने भरले तर १० रुपये आणि कर. पण वाचलेल्या मजुरीपुढे ते काहीच नाहीत. जागा पक्की मिळत असेल तर ई-तिकीट खुशाल काढावे. त्याचा कागद हरवला तरी पुन्हा छापता येतो. कागद नसला तरी फोनवर आलेला रेल्वेचा संदेश चालतो. पुण्याला असलेला मुलगा तिथून तुमचे तिकीट काढून तुमच्या फोनवर पाठवू शकतो.

मात्र ई-तिकिटासोबत ओळखपत्र लागतेच, आणि तेही अस्सल. आधार कार्ड, मतदान ओळखपत्र, वाहन परवाना, फोटो असलेले राष्ट्रीयीकृत बँकेचे पासबुक, यांतले काहीही चालते. झेरॉक्स चालत नाही. तिकिटावर चौघे असतील तर त्यांतल्या एकाचे तरी हवे. ओळखपत्र नसेल तर सगळेच विनातिकीट ठरतात. फोन बंद पडला आणि कागदही नाही, पण नाव चार्टमध्ये आहे आणि ओळखपत्र खिशात आहे, तर ५० रुपये दंडावर सुटका होते. ओळखपत्र मात्र घरी राहिले तर सुटका नाही. माझे तर म्हणणे असे, की खिडकीचे तिकीट असले तरी ओळखपत्र जवळ असू द्यावे.

खिडकीचे तिकीट जपावे लागते, हा त्याचा उणेपणा. ते हरवले आणि जागा पक्की असेल, तर चार्ट निघण्याआधी खिडकीवर जा. स्लीपरला ५० रुपये भरून दुसरी प्रत मिळते. चार्ट निघाल्यावर गेलात तर अर्धे भाडे भरावे लागते. प्रतीक्षा यादीतले तिकीट हरवले तर दुसरी प्रत मिळतच नाही.

जागा मिळेल की नाही याची खात्री नाही, आणि जाणे तर चुकवता येत नाही, अशा वेळी मी खिडकीचेच तिकीट घेईन. रात्र उभ्याने काढावी लागली तरी गाडीत पाय ठेवता येतो. त्याहून बरे म्हणजे आधी जागे व्हावे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण गाडीच्या दिवसाआधी ६० दिवसांपासून मिळते. दवाखान्याची तारीख कळली की त्याच आठवड्यात तिकीट काढावे.

साध्या डब्याचे तिकीटही आता मोबाईलवर मिळते. १ जुलै २०२५ ला रेल्वेने त्यासाठी 'रेलवन' नावाचे ॲप सुरू केले. रांग नको, सुट्टे पैसे नकोत. पण इथला नियम ई-तिकिटापेक्षा कडक आहे, कारण साध्या डब्याची यादी कुठेच नसते. टीसी तुमचे नाव शोधणार कशात? म्हणून तिकीट ज्या फोनवर काढले त्याच फोनवर, त्या ॲपमध्येच, दाखवावे लागते. मुलाने पुण्याहून तिकिटाचा फोटो पाठवला तर तो चालत नाही. फोनची बॅटरी संपली तर तिकीट संपले, ओळखपत्र असूनही. असे तिकीट रद्द करून पैसेही मिळत नाहीत. ते स्टेशनाच्या आवारात शिरण्याआधी काढावे, आणि काढल्यापासून तीन तासांच्या आत प्रवासाला निघावे. फोन जुना असेल आणि चार्जिंग टिकत नसेल, तर सरळ खिडकीवर जाऊन कागदाचे तिकीट घ्यावे.

गेल्या महिन्यात काकूंना डोळे तपासायला पुन्हा बोलावले होते. तारीख कळल्यावर तिसऱ्या दिवशी तात्या परभणीला गेले आणि जायचे तिकीट त्यांनी खिडकीवर काढले. परतीचे तिकीट त्यांच्या भाच्याने मुंबईत मोबाईलवर काढले. ते पहिल्या दिवशी प्रतीक्षा यादीत चौथे होते. परतीच्या दिवशी तात्यांनी दवाखान्याच्या पायरीवर बसून १३९ ला फोन लावला, पीएनआरचे दहा आकडे एकेक करून दाबले आणि फोन कानाला धरून बसले. दोघांनाही जागा मिळाली होती. काकूंना खालचा बर्थ होता.