सेकंदाला हजार पोती

बेळगावात खासबागहून टिळकवाडीकडे जाताना रेल्वे गेटला अडकलेला माणूस मालगाडीचे डबे मोजतो. बंद डब्यांची गाडी असली की ते साधारण 42 भरतात. खताचा असा एक रेक म्हणजे सुमारे 2,600 टन. युरियाची पिशवी 45 किलोची धरली तर सत्तावन्न हजारांवर पिशव्या. डब्याला दोन्ही बाजूंनी दारे, दाराला सील. अशी गाडी रात्री लूपलाइनला उभी केली, तर सगळी सीलं बघायला पहारेकऱ्याला खडीवरून सव्वा किलोमीटर चालावं लागतं. तेवढ्या वेळात दुसऱ्या टोकाला काय चाललंय, हे त्याला दिसत नाही.

आता देशाचा हिशेब. 2024-25 मध्ये भारतीय रेल्वेने 161 कोटी टनांहून जास्त माल वाहिला, म्हणजे दिवसाला 44 लाख टन. त्यातला निम्मा कोळसा. पण सगळा माल 50 किलोच्या पोत्यांत भरला असं समजा. रोज 8 कोटी 80 लाख पोती, सेकंदाला हजारावर! लाखात एकच पोतं गळालं, तरी रोज 880 पोती गेली.

राखायला रेल्वे सुरक्षा दलाचे (आरपीएफ) जवान पाऊण लाखाच्या आसपास, आणि मार्ग 69 हजार किलोमीटरचा. तीन पाळ्या केल्या की पावणेतीन किलोमीटरला एक जण, तोही रजा, ठाणी आणि प्रवासी गाड्यांचा बंदोबस्त धरलाच नाही तर. जवान दुप्पट केले तरी हे गणित सुटत नाही.

श्रीमंत देशातही ते सुटलेलं नाही. अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांच्या संघटनेने 2024 सालात 65 हजारांहून जास्त मालचोऱ्या आणि 10 कोटी डॉलरवर नुकसान सांगितलं. तिथल्या मालगाड्या तीन-तीन किलोमीटर लांब. मोहावी वाळवंटात चोर एअर ब्रेकची नळी कापतात, गाडी आपोआप थांबते, आणि बुटांची खोकी खाली उतरतात.

चोराला गाडी थांबलेली किंवा मंदावलेली हवी असते. म्हणून मला मिरज महत्त्वाची वाटते. पुण्याकडून ब्रॉडगेजने आलेला बेळगावचा माल तिथे मीटरगेजच्या डब्यांत भरावा लागे. सील तुटे, पोतं हमालाच्या पाठीवरून दुसऱ्या डब्यात जाई, मग नवं सील. नव्वदच्या दशकात मिरज-लोंढा ब्रॉडगेज झाला आणि हा उघडा थांबा कायमचा संपला. तरी देशातल्या मालगाडीचा सरासरी वेग अजून ताशी 25 किलोमीटरच्या आसपासच आहे. एकेरी मार्गावर क्रॉसिंगसाठी तिला तासन्‌तास उभं राहावं लागतं. पुणे-मिरज-लोंढा या 467 किलोमीटरच्या दुहेरीकरणाकडे म्हणूनच मी सुरक्षेचं काम म्हणूनही बघतो.

राहिला चोरीचा माल घेणारा. रेल्वे मालमत्ता बेकायदा ताब्याचा 1966 चा कायदा त्याच्यासाठीच आहे. रेल्वेकडे सोपवलेला चोरीचा माल कुणाकडे सापडला, तर तो रीतसर आला हे त्यानेच सिद्ध करायचं. नाहीतर पाच वर्षांपर्यंत कैद. पिशव्या सत्तावन्न हजार असोत, चोरीच्या पिशव्या उतरवून घेणारी गोदामं मात्र तालुक्यात मोजकीच असणार. तपास तिथून सुरू व्हायला हवा.