वेल्थ मॅनेजमेंट कंपनीचा पीई पाहताना

भागाकार

शेअरचा भाव १,००० रुपये आणि प्रतिशेअर वार्षिक नफा म्हणजे ईपीएस २५ रुपये असेल, तर पीई ४०. एवढं गणित कोणतंही शेअरबाजाराचं अ‍ॅप करून देतं. डोकं लावायचं ते ईपीएसपाशी. कारण श्रीमंतांचा पैसा सांभाळणाऱ्या कंपन्यांचा नफा अनेक ओढ्यांतून येतो आणि त्यातले सगळेच बारमाही नसतात.

नफा कुठला?

ग्राहकाच्या गुंतवणुकीवर वर्षानुवर्षे टक्केवारीने मिळणारं ट्रेल कमिशन किंवा सल्लाशुल्क, हे त्यातल्या त्यात खात्रीचं उत्पन्न. ग्राहक टिकला तर तेही टिकतं. दलाली, एखाद्या मोठ्या व्यवहाराची फी, कंपनीच्या स्वतःच्या गुंतवणुकीवरचा फायदा यांचं तसं नाही. यंदा मिळाले म्हणून पुढल्या वर्षी मिळतीलच असं कोण सांगणार?

सेबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये म्युच्युअल फंडांवरचं आगाऊ कमिशन थांबवून पूर्ण ट्रेल पद्धत आणली. आयआयएफएल वेल्थने (आताची ३६० वन वॅम) आपला धंदा आवर्ती शुल्काकडे वळवला, तेव्हा सुरुवातीला नफा घटला. अशा वर्षी धंद्याचा पाया पक्का होत असतो, पण ईपीएस खाली गेल्याने पीई मात्र महागडा दिसतो. नुसता आकडा बघणारा इथेच फसतो.

नुवामाची गोष्ट वेगळी. संपत्ती व्यवस्थापनाच्या जोडीला तिथे मोठ्या ट्रेडिंग संस्थांना क्लिअरिंग आणि कस्टडी सेवा देण्याचाही धंदा आहे. जुलै २०२५ मध्ये सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकी ट्रेडिंग संस्थेविरुद्ध अंतरिम आदेश काढला. नुवामा ही त्या संस्थेची तेव्हाची इथली ट्रेडिंग भागीदार. तिचा शेअर दुसऱ्याच दिवशी दहा टक्क्यांहून जास्त आपटला. दोन वेगळ्या जोखमींचे धंदे एकाच पीईत मोजले, की अशी जोखीम आधी दिसत नाही.

बाजार पडला तर?

एक काल्पनिक कंपनी घेऊ. ग्राहकांची मालमत्ता ५०,००० कोटी, त्यावर ०.८ टक्के दराने उत्पन्न ४०० कोटी, खर्च २४० कोटी. करपूर्व नफा १६० कोटी. बाजार कोसळून मालमत्ता २० टक्क्यांनी आटली, तर उत्पन्न ३२० कोटी होईल. पगार आणि भाडी तेवढीच राहिली तर नफा उरतो ८० कोटी, म्हणजे थेट निम्मा. भाव तोच धरला तर ४० चा पीई ८० होतो. प्रत्यक्षात बोनस कापले जातात आणि धक्का थोडा सौम्य होतो, एवढंच. म्हणून तेजीच्या टोकाला दिसणारा ‘स्वस्त’ पीई मला तरी संशयास्पद वाटतो.

तुलना

बँकेच्या पीईशी तुलना निरर्थक आहे. बँकेची जातकुळीच वेगळी. म्युच्युअल फंड कंपनी थोडी जवळची. त्याहून बरं म्हणजे त्याच कंपनीचा मागच्या पाच वर्षांतला पीई, आणि तोही एकत्रित नफा-तोटा पत्रकातल्या डायल्युटेड ईपीएसवर काढलेला. या धंद्यात ग्राहक सांभाळणारी माणसं टिकवायला ईसॉप म्हणजे शेअर घेण्याचे हक्क वाटावे लागतात. त्यामुळे शेअरची संख्या वाढते आणि एकूण नफा वाढूनही प्रत्येक शेअरच्या वाट्याला कमी येऊ शकतो.