इंजिनाच्या सुरात दडलेला वेग

सेस्ना १७२ हे जगात सर्वाधिक संख्येने बनलेलं विमान. यातल्या बहुतेक विमानांचं इंजिन चार सिलिंडरचं, फोर-स्ट्रोक. दोन पात्यांचा पंखा थेट इंजिनाच्या दांड्यावर बसवलेला. मिनिटाला २,४०० फेरे धरले, तर सेकंदाला ४० होतात. प्रत्येक फेऱ्यात दोन सिलिंडर पेटतात, म्हणजे सेकंदाला ८० स्फोट. तेवढ्याच वेळात पंख्याची पातीही ८० वेळा समोरून जातात. इंजिन आणि पंखा यांचे दोन वेगळे आवाज असे एकाच ८० हर्ट्झवर येऊन मिसळतात. या विमानाची ओळखीची घरघर तिथून येते.

हा पंखा पात्यांचा कोन न बदलणारा असतो. त्यामुळे थ्रॉटलला हात न लावता नाक वर केलं की वेग घटतो, पंख्यावरचा भार वाढतो, फेरे कमी होतात आणि सूर उतरतो. नाक खाली गेलं की सूर चढतो. वैमानिकाची नजर खिडकीबाहेर असली, तरी विमानाचा वेग त्याच्या कानावर पडत असतो. घरी संगणकासमोर बसून उडवणाऱ्याला तर पाठीला बसणारा रेटा नाही, पोटात पडणारा खड्डा नाही. त्याच्यासाठी पडद्यावरच्या चित्राखालोखाल आवाज हाच काय तो आधार. म्हणून उड्डाण-सिम्युलेटरमधला आवाज ही सजावट मानायला मी तयार नाही. तो वेगदर्शकाइतकाच महत्त्वाचा आहे.

‘फ्लाइटगिअर’ या मुक्त स्रोत सिम्युलेटरमध्ये हा आवाज उघडून पाहता येतो. १९९६ साली या प्रकल्पाचा प्रस्ताव मांडला गेला आणि स्वयंसेवकांनी तो आजवर वाढवत नेला. प्रत्येक विमानाच्या आवाजाची मांडणी एका साध्या एक्सएमएल फाइलमध्ये लिहिलेली असते: कोणतं ध्वनिमुद्रण वाजवायचं, कोणत्या अटीवर, आणि त्याची पट्टी व तीव्रता उड्डाणातल्या कोणत्या राशीला बांधायची. इंजिनाचे फेरे, हवेतला वेग, चाकं जमिनीला टेकली आहेत का, हे सगळं तिथे हाताशी असतं. साधा टेक्स्ट एडिटर असला की काम सुरू करता येतं.

सर्वांत सोपी रीत म्हणजे एकच ध्वनिमुद्रण घेऊन फेऱ्यांच्या प्रमाणात ते भरभर किंवा संथ वाजवणं. गडबड होते ती इथेच. फेरे वाढले की स्फोटांची वारंवारता वाढते, हे खरं. पण एग्झॉस्टचा पाइप, इंजिनावरचं पत्र्याचं आवरण आणि केबिनची पोकळी यांचे अनुनाद त्यांच्या आकारावर ठरतात. ते जागचे हलत नाहीत. मुद्रण दुप्पट वेगाने वाजवलं की तेही दुप्पट वर सरकतात, आणि अख्खं विमान आक्रसून खेळण्याएवढं झाल्यासारखं वाटतं. उपाय कष्टाचा आहे. मंद गती, मध्यम गती आणि पूर्ण शक्ती अशी वेगवेगळी मुद्रणं घ्यायची, प्रत्येकाची पट्टी थोडीशीच हलवायची आणि एक विरत असताना दुसरं वर आणायचं.

मुद्रणाचा तुकडा पुन्हापुन्हा वाजतो, त्यामुळे सांधा कुठे घ्यायचा हाही प्रश्न असतो. फोर-स्ट्रोक इंजिनाचं एक चक्र दोन फेऱ्यांत पुरं होतं. २,४०० फेऱ्यांना त्याला ५० मिलिसेकंद लागतात. चारही सिलिंडरांचे स्फोट अगदी सारखे नसतात. तुकड्यात पूर्ण चक्रं नसतील, तर सांध्यापाशी इंजिन अडखळल्याचा भास होतो. लांब उड्डाणात हा भास छळतो, कारण खरं इंजिन बिघडू लागतं तेव्हाही असंच अडखळतं.

वाऱ्याच्या आवाजाचं गणित वेगळं. विमानाच्या अंगावरून वाहणाऱ्या हवेच्या खळबळीतून निघणारी ध्वनिशक्ती साधारणपणे वेगाच्या सहाव्या घाताने वाढते. वेग ६० नॉटवरून १२० नॉटवर गेला तर ही शक्ती ६४ पट, म्हणजे सुमारे १८ डेसिबल चढते. फाइलमध्ये तीव्रता वेगाच्या सरळ प्रमाणात धरली असेल, तर वाढ ६ डेसिबलांवरच थांबते. मग विमान सूर मारत खाली येतं तेव्हाही वारा शांतच राहतो आणि धोक्याची जाणीव होत नाही.

वेग फार घटला की पंखांची उचल कोसळते. त्याला स्टॉल म्हणतात. सेस्नामध्ये त्याआधी वाजणारा भोंगा विजेवर चालत नाही. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छिद्र असतं. पंखाचा कोन वाढला की तिथे हवेचा दाब घटतो, नळीतून हवा ओढली जाते आणि बाजाच्या पेटीत असते तशी धातूची पट्टी थरथरू लागते. स्टॉलच्या साधारण ५ ते १० नॉट आधी हा आवाज सुरू होतो आणि स्टॉल जवळ येईल तसा वाढत जातो. सिम्युलेटरमध्ये तो बटण दाबल्यासारखा चालू-बंद केला, तर ही सगळी माहिती वाया जाते. त्याची तीव्रता आणि पट्टी पंखाच्या कोनाला बांधणं फाइलमधल्या मोजक्या ओळींचं काम आहे.

विमान बाहेरून पाहताना डॉप्लर परिणाम लागतो. सेकंदाला ६० मीटर वेगाने येणाऱ्या विमानाचा ८० हर्ट्झचा सूर समोरून सुमारे ९७ ऐकू येतो आणि पुढे निघून गेल्यावर ६८ वर उतरतो. फ्लाइटगिअर ज्या ओपनएएल प्रणालीवर आवाज वाजवतं, ती हे गणित करते. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हेही ती ठरवते. मात्र त्यासाठी मुद्रण मोनो हवं. स्टीरिओ फाइल दिली की ती दिशा न लावता तशीच वाजवली जाते. नवखे हौशी इथे हमखास अडतात.

आता खरी गरज चांगल्या मुद्रणांची आहे, आणि ती कुठूनही उचलता येत नाहीत. सॉफ्टवेअर सर्वांना वाटता येतं, म्हणून त्यातला आवाजही वाटण्याच्या परवानगीसह हवा. ज्यांना फ्लाइंग क्लबमधल्या विमानापर्यंत पोहोचता येतं, त्यांनी मालकाची परवानगी घेऊन केबिनमध्ये आणि बाहेर सुरक्षित अंतरावर रेकॉर्डर ठेवावा. फेरे स्थिर ठेवून प्रत्येक टप्प्यावर सलग मुद्रण घ्यावं, आणि फेऱ्यांचा आकडा बोलून त्यातच नोंदवावा. रेकॉर्डरची आपोआप आवाज जुळवणारी सोय आधी बंद करावी. नाहीतर मंद गती आणि पूर्ण शक्ती यांतला फरकच पुसला जातो.