आपले टपाल, आपले नियम : ‘मट’ या ईमेल प्रोग्रामची तोंडओळख

जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला आणि आज चोपड्यात उभे राहून आम्ही संगणकावरच्या टपालाबद्दल बोलणार, याचं काहींना नवल वाटेल. पण आपल्या भागात तत्त्वज्ञान आणि टपाल यांचं नातं जुनं आहे. तापीपलीकडे अमळनेरला १९१६ साली प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. तिथून मलकानींच्या संपादनाखाली ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे त्रैमासिक निघत असे. तालुक्याच्या गावी बसून दूरच्या विद्वानांशी वाद घालायचा तर पोस्टावाचून गत्यंतर नव्हते. आमच्या पिढीने ती पत्र लिहिण्याची सवय उचलली.

कागदी पत्रे ट्रंकेत राहिली. पुढे ईमेल आले. एका मोफत सेवेवरचे आमचे जुने खाते बरेच दिवस न उघडल्यामुळे बंद झाले. त्यात आमच्या गुरुजींची अखेरच्या वर्षांतली पत्रे होती. ती गेली. नियम आम्ही वाचले नव्हते, ती चूक आमचीच. पण प्रश्न पडला : पत्र आपले, तर पेटी कोणाची? या प्रश्नाचा माग काढताना आम्ही ‘मट’पर्यंत पोचलो.

मट हा मायकेल एल्किन्स यांनी १९९५ साली लिहिलेला मुक्त प्रोग्राम. त्यात चित्रे, बटणे, जाहिराती काही नाही. काळा पडदा, त्यावर पत्रांची यादी, आणि सगळा कारभार कळफलकावर. शेजारी डोकावून म्हणतात, “सर, हाई काय शे?” ज्यांनी त्याच १९९५च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या विदेश संचार निगमच्या इंटरनेटवर शेल खाते वापरले, त्यांना हा पडदा ओळखीचा वाटेल. तेव्हा ‘पाइन’ नावाच्या अशाच प्रोग्राममध्ये पत्रे वाचत. मट त्याच घराण्यातला, फक्त आपल्या मर्जीप्रमाणे जास्त वाकणारा.

आता सुरुवात करू. लिनक्सवर सॉफ्टवेअरच्या यादीत मट मिळतो. उबुंटूत एका ओळीच्या आज्ञेने बसतो. विंडोजवाल्यांनी आधी विंडोजच्या आतले लिनक्स, म्हणजे डब्ल्यूएसएल, बसवावे. पहिल्यांदा उघडलात की मट पेटीच सापडत नाही म्हणतो. घाबरू नका. तुमचे टपाल कुठे आहे हे तुम्ही त्याला अजून सांगितलेलेच नाही. इतर सेवा तुमच्या वतीने शंभर गोष्टी आधीच ठरवून बसतात. इथे ठरवायचे काम तुमच्यावर येते.

ते ठरवायचे एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये. तिचे नाव ‘डॉट मटआरसी’. (लिखित रूपात आम्ही सगळे देवनागरीत देतो आहोत, टंकताना अर्थातच रोमन अक्षरे.) प्रत्येक ओळ ‘सेट’ या शब्दाने सुरू होते आणि एक गोष्ट ठरवते. ‘रिअलनेम’ म्हणजे तुमचे नाव. ‘फ्रॉम’ म्हणजे पत्ता. ‘फोल्डर’ म्हणजे टपाल ठेवणाऱ्या आयमॅप सर्व्हरचा पत्ता. ‘स्पूलफाइल’ म्हणजे आलेल्या पत्रांची पेटी. ‘एसएमटीपी यूआरएल’ म्हणजे पत्र ज्या दाराने बाहेर जाणार ते दार. ‘एडिटर’ म्हणजे पत्र कशात लिहायचे. नवख्याने तिथे ‘नॅनो’ लिहावे, नाहीतर कधीकधी ‘व्हीआय’ उघडतो आणि त्यातून बाहेर कसे पडायचे तेच कळत नाही. बस्स, सहा ओळी. दुसऱ्याची तीनशे ओळींची फाइल उचलून आणू नका. जी ओळ का लिहिली ते सांगता येत नाही, ती आपली नव्हे. कांट ज्याला स्वायत्तता म्हणतो, म्हणजे स्वतः घातलेल्या नियमाने वागणे, त्याचा हा घरगुती धडा समजा.

पासवर्ड या फाइलमध्ये लिहू नका. सुरू होताना मट तो विचारतो, तेव्हा द्यावा. जीमेलवाल्यांची अडचण इथेच होते. त्यांचा नेहमीचा पासवर्ड चालत नाही. खात्यात दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सोळा अक्षरांचा ‘ॲप पासवर्ड’ काढावा लागतो. रोज टंकायचा कंटाळा आला तर तो जीपीजीने कुलूपबंद केलेल्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवता येतो.

आता कळा. ‘एम’ म्हणजे नवे पत्र, ‘आर’ म्हणजे उत्तर, ‘जी’ म्हणजे सगळ्यांना उत्तर. लिहून झाले की एडिटरमधून बाहेर यायचे आणि ‘वाय’ दाबायचे, पत्र गेले. अडलात तर प्रश्नचिन्ह दाबा, सगळ्या कळांची यादी समोर येते. ‘एल’ दाबून ‘टिल्ड एफ’ आणि नाव लिहिले, तर फक्त त्या माणसाची पत्रे दिसतात. पुन्हा ‘एल’ दाबून ‘ऑल’ लिहिले की सगळी परत.

‘डी’ या कळेवर मात्र थोडे थांबू. ‘डी’ दाबल्यावर पत्र पुसले जात नाही. त्याच्यापुढे नुसती खूण पडते. ‘यू’ दाबा, खूण निघते. तुम्ही डॉलरची कळ दाबता किंवा ‘क्यू’ने बाहेर पडता तेव्हाच ते खरोखर जाते, आणि ‘क्यू’ दाबताना मट बहुधा आधी विचारतो. ‘एक्स’ने बाहेर पडलात तर काहीच बदलत नाही. संकल्प आणि कृती यांच्यात एवढी जागा ठेवणारा प्रोग्राम आम्ही दुसरा पाहिला नाही. आमच्यासारख्या थरथरत्या बोटांच्या माणसाला ती जागा फार लागते.

आता मूळ प्रश्न, पेटी कोणाची. मटने सर्व्हरवरची पत्रे नुसती वाचली तर ती सर्व्हरवरच राहतात. खाते बंद झाले तर तीही जातील. म्हणून जपायची पत्रे आपल्या डिस्कवर उतरवा. भांडवली ‘टी’ दाबून वरच्यासारखेच ‘टिल्ड एफ’ आणि नाव द्या. त्या माणसाच्या सर्व पत्रांवर खूण होते. मग अर्धविराम, भांडवली ‘सी’, आणि घरच्या फाइलचे नाव. नक्कल तयार. इथे लहान ‘एस’ वापरू नका बरं का! ‘एस’ नक्कल करतो आणि मूळ पत्रावर पुसण्याची खूणही ठेवतो. उतरवलेली फाइल साधा मजकूर असते. उद्या मट नसला तरी दुसरा प्रोग्राम ती वाचेल. एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. मराठीसाठी टर्मिनल यूटीएफ-८ वर हवे, तरीही काही टर्मिनलांत जोडाक्षरे फुटतात आणि वेलांट्या सरकतात. दोन-तीन टर्मिनले वापरून बघावीत. सजवलेली एचटीएमएल पत्रे मट स्वतः मांडून दाखवत नाही, त्यासाठी ‘डब्ल्यूथ्रीएम’सारखा मदतनीस जोडावा लागतो. त्यातही एक फायदा आहे. पत्र उघडले की नाही हे पाठवणाऱ्याला कळवणारी छुपी चित्रे मट आपणहून आणत नाही.

गुरुजींची पत्रे काही परत आली नाहीत. तुमच्या पेटीत ज्यांची पत्रे आहेत, त्यातल्या एकाचे नाव आज आठवा. सहा ओळी लिहा, आणि झोपण्यापूर्वी तेवढी पत्रे घरी आणा. बाकीचे मट सावकाश शिकता येईल.