प्लांट डॉट ईटीपी डॉट आउटलेट

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून फुटून पालघर जिल्हा झाला आणि बोईसरच्या एमआयडीसीत ‘जि. ठाणे’चं ‘जि. पालघर’ करायची वेळ आली. लेटरहेड, बिलबुकं, रबरी शिक्के, गेटावरच्या पाट्या. बदलला एक शब्द, पण पत्ता जितक्या जागी छापलेला तितक्या जागी हात घालणं आलं. जावास्क्रिप्टमध्ये डॅशबोर्ड लिहिणाऱ्याचं हे रोजचं दुखणं.

त्याच २०१४ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषणकारी १७ प्रकारच्या उद्योगांना सांडपाणी आणि धुराचं सतत ऑनलाइन मोजमाप करायला सांगितलं. रसायनं, औषधं, कापड यांच्या या पट्ट्यात पीएच, सीओडी, टीएसएस ही सांडपाण्याची मापं घरचीच. समजा, हे आकडे कंट्रोल रूमच्या पडद्यावर आणायचेत. माहिती येते डब्यात डबा अशी: प्लांटमध्ये ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, आणि त्यात आउटलेट. मग ‘प्लांट डॉट ईटीपी डॉट आउटलेट डॉट पीएच’, पुढच्या ओळीत तीच माळ आणि शेवटी सीओडी, त्याखाली पुन्हा तीच आणि टीएसएस. वीस ओळींनी डोळे थकतात आणि चूक नेमकी तिथेच लपते.

उपाय एका ओळीचा: वर ‘कॉन्स्ट आउटलेट’ म्हणून तो सगळा मार्ग बांधून ठेवायचा. खाली नुसतं ‘आउटलेट डॉट पीएच’. यामुळे प्रोग्राम फार वेगाने पळेल असं कुणी सांगितलं तर मान डोलवावी आणि सोडून द्यावं. फायदा आहे तो वाचणाऱ्याचा.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केपसाठी दहा दिवसांत उभ्या केलेल्या या भाषेत सुरुवातीला ‘विथ’ नावाची सोयही आली. डोक्यावर मार्ग सांगायचा, खाली बिनमार्गाची नावं. पण खालचा ‘पीएच’ डब्यातला की बाहेरचा, हे वाचून कळेना. २००९ च्या ‘स्ट्रिक्ट मोड’ या कडक नियमांच्या पर्यायाने ‘विथ’ला दार बंद केलं, २०१५ मध्ये ‘लेट’ आणि ‘कॉन्स्ट’ आले.

खरी गोम पुढे आहे. ‘आउटलेट’मध्ये डबा नसतो, डब्याकडे दाखवणारं बोट असतं, आत आकडा बदलला की तोही दिसतो. पण ‘कॉन्स्ट पीएच’ म्हणून थेट आकडाच उचलला, तर ती त्या क्षणाची नक्कल. सेन्सर साडेनऊवर गेला तरी पडद्यावर सात! त्याहून फसवं असं, की सर्व्हरकडून नवा निरोप आला आणि प्रोग्रामने जुन्या डब्याच्या जागी अख्खा नवा डबा ठेवला, तर बोट जुन्याकडेच राहतं. म्हणून ती ओळ फाइलच्या माथ्यावर नको; पडदा ताजा करणाऱ्या फंक्शनच्या आत, दर खेपेला नव्याने हवी.

राहिलं नाव. ‘टेम्प’, ‘डेटा२’ असली नावं ठेवणाऱ्याला तारापूरला पाठवावं. बोईसरच्या या एमआयडीसीचं नाव तारापूर, पण इथल्या रेल्वेमार्गावर तारापूर नावाचं स्टेशनच नाही. नवखा माणूस पाट्या वाचत बसतो आणि बोईसर मागे पडून गाडी वाणगावला लागलेली असते.