इटलीचा मिटता चाकू



व्याख्यानमालेत चाकूचे काय काम, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. परंतु पेन्सिलीला टोक काढण्यापासून आंबा कापण्यापर्यंत नाना कामे करणारे हे हत्यार आपल्या परिचयाचे आहे. दुकानदार दोन चाकू पुढे ठेवतो. दोन्ही सारखेच चकचकीत. एकाच्या पात्यावर ‘इटली’ ही अक्षरे कोरलेली असतात आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या कितीतरी पट असते. ही जादा किंमत कशाची, एवढ्याच प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम हे चाकू होतात कोठे ते पाहू. इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात, फ्रिउली प्रांतात, डोंगराच्या पायथ्याशी मानियागो नावाचे लहानसे गाव आहे. १४५३ साली तेथील सरदार निकोलो याने कोल्वेरा नावाच्या ओढ्याचे पाणी पाटाने गावात आणण्याची परवानगी मिळविली. त्या पाण्यावर चक्र फिरू लागले आणि चक्राने घण उचलला जाऊ लागला. माणसाच्या दंडाचे काम पाणी करू लागल्यावर गावात लोहारकाम वाढले. आरंभी कुऱ्हाडी, कोयते अशी शेतीची जड अवजारे होत. पुढे चाकू-कात्र्या करणाऱ्यांचा निराळा वर्ग निर्माण झाला. जड कामाचे लोहार आणि नाजूक कामाचे लोहार असा भेद त्यांच्या भाषेतही रूढ झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील सोलिंगेन या चाकूंच्या प्रसिद्ध शहरातून आलेल्या एका कारखानदाराने येथे यंत्रांचा कारखाना काढला. गावाने यंत्र स्वीकारले, पण हातातली विद्या सोडली नाही. या धंद्याची सारी हकीकत सांगणारे संग्रहालय आज गावातच आहे.

दुसरे गाव फ्लॉरेन्सच्या उत्तरेचे स्कार्पेरिया. हे १३०६ साली फ्लॉरेन्सने वसविले. बोलोन्याकडे जाणारी वाट गावातून जाई आणि वाटसरू चाकू विकत घेत. १५३८ साली तेथील चाकू करणाऱ्यांच्या संघाने आपले नियम लिहून काढले. अठराव्या शतकात दुसऱ्या घाटाने नवा रस्ता झाला, वाहतूक तिकडे वळली आणि धंद्याला ओहोटी लागली. पुढे १९०८ च्या कायद्याने टोकदार चाकू बाळगण्यावर निर्बंध आले, तेव्हा कारागिरांनी बोथट, छाटल्यासारख्या टोकाची पाती काढली. सार्डिनिया बेटावरील पाट्टाडा गावचा चाकू याहून निराळा. त्याचे पाते झुडपाच्या पानासारखे निमुळते, मूठ मेंढ्याच्या शिंगाची, आणि मूळ गिऱ्हाईक मेंढपाळ.

आता मुख्य प्रश्न. गुण कशात असतो? पुष्कळांना वाटते, पोलादात. पण मानियागोच्या अनेक चांगल्या चाकूंचे पोलाद ऑस्ट्रियातून येते. ‘एन ६९०’ हे त्याचे एक प्रसिद्ध नाव. त्यात सुमारे १ टक्का कार्बन आणि सुमारे १७ टक्के क्रोमियम असते. कार्बनाने कठीणपणा येतो, क्रोमियमने गंज रोखला जातो. हे पोलाद पैसे देऊन कोणालाही आणता येते. तेव्हा निव्वळ पोलादाने चाकू इटलीचा ठरत नाही.

पहिला गुण पाणी देण्यात आहे. पाते हजार अंशांहून अधिक तापवून झपाट्याने थंड केले म्हणजे ते काचेसारखे कठीण, पण ठिसूळ होते. मग ते पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. हा बेत चुकला तर एकच पोलाद एका हाती महिनोन्‌महिने धार धरते आणि दुसऱ्या हाती आठ दिवसांत बोथट होते, किंवा धारेचे तुकडे उडतात. ही चूक डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच स्वस्त मालात ती पहिली होते.

दुसरा गुण सांध्यात आहे. मिटता चाकू म्हणजे एका खिळ्याभोवती फिरणारे पाते. जुन्या पद्धतीत मुठीच्या पाठीतील पोलादी कमान पात्याच्या बुडाला दाबून धरते. नव्या पद्धतीत मुठीतील एक पट्टी सरकून बुडामागे अडकते आणि पाते बोटांवर मिटत नाही. दोन्हींत केसाएवढ्या अंतराला महत्त्व आहे. खिळा सैल असेल तर पाते डुलते, घट्ट असेल तर उघडत नाही. मानियागोच्या लायनस्टील या कारखान्याने टायटॅनियमच्या एकाच ठोकळ्यातून अखंड मूठ कोरण्याची पद्धत आणली, ती जोड कमी करण्यासाठीच.

तेव्हा खरेदीच्या वेळी एवढे करावे. चाकू उघडून पाते आडवे हलवून पाहावे. ते डुलता कामा नये. मिटवून पाहावे, पाते दोन्ही बाजूंपासून सारख्या अंतरावर असावे. उजेडाकडे धरून कमान आणि पाते यांच्यामधून फट दिसते का, ते न्याहाळावे.

शेवटी नावाविषयी. दुसऱ्या महायुद्धानंतर खटका दाबताच उघडणारे इटालियन चाकू अमेरिकेत फार खपले. ते गुंडांचे हत्यार म्हणून गाजले आणि १९५८ साली तेथे त्यांच्या आंतरराज्य व्यापारावर बंदीचा कायदा झाला. आपल्याकडे चित्रपटांनी रामपुरी चाकूची जी ख्याती केली, तीच ही गोष्ट. कीर्ती पसरली तशी नक्कलही पसरली. इटलीच्या घाटाचे चाकू परदेशांत स्वस्तात होऊ लागले. त्यात फसतो तो केवळ ग्राहक नव्हे. ज्याने पाणी देण्याचा बेत वर्षानुवर्षे साधला, त्या कारागिराचे मोल फुकट्याच्या पदरात पडते आणि त्याच्या मुलाला हा धंदा परवडत नाही.

म्हणून अक्षरे वाचून किंमत देऊ नये, तशीच किंमत ऐकून पाठही फिरवू नये. चाकू हाती घ्यावा, उघडावा, मिटावा, उजेडात पाहावा. पाण्याचा कस मात्र वापरानेच कळतो, आणि त्यासाठी करणाऱ्याची पत पाहावी लागते. पारखणारे गिऱ्हाईक असेल तरच मानियागोतील भट्टी पेटती राहील. आपल्या गावच्या लोहाराची भट्टीही याच न्यायाने पेटती राहते, हे आपणास वेगळे सांगावयास नको.